मोआच्या पोटातल्या गौरी

बॉटनी डाउन्स, ऑकलंड
७ सप्टेंबर २०२५

निवी बाळ,

सुखरूप पोचलो. काकू म्हणून माझे आशीर्वाद, काकांचेही. ते समोर बसून नुसती मान हलवतायत. फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू इंग्लिशमध्ये बोलतेस, त्यापेक्षा पत्र बरं. कानात यंत्र घातलं की तुझ्या काकांचा चहाचा भुरका तेवढा खणखणीत ऐकू येतो. त्यासाठी कशाला घालायचं?

अक्षतचं स्वयंपाकघर अजून उघडंबोडकं आहे. ओटा नाही, नळ नाही. सलोनी कपडे धुवायच्या खोलीत शेगडी मांडून पोहे करते आणि वर मलाच म्हणते, आई, ऑल गुड! म्हणून तर यंदा गणपती तुझ्या नव्या घरी बसवला. छान झाला हो. फक्त गौरीला घरची मुलगी घरात नाही, याचा मला राग आला होता. तू तुझ्या त्या खोदकामाच्या शेतावरच राहिलीस, चिखलात. आता राग गेला, पण आला होता हे सांगून ठेवते.

तुला गंमत सांगायचीच राहिली. त्या रविवारी तू आम्हाला तुझं खोदकाम दाखवायला नेलंस ना? ती मोआची तंगडी बघून मी गारच झाले. पक्षी म्हणे! आपल्या गोठ्यातल्या म्हशीला नसेल एवढं हाड. मग तुम्ही सगळे वर शेडमध्ये जेवायला गेलात, आणि माझ्या लक्षात आलं, अगं बाई, आज आवाहन! घरी पोचेपर्यंत अनुराधा नक्षत्र उलटून जाणार. मग काय, तिथल्याच ओढ्यावरून गौरी आणल्या. पर्समध्ये हळदकुंकू असतंच. पुऱ्यांच्या डब्याचं झाकण धुऊन घेतलं. तोंडात चूळ धरली, कारण गौरी आणताना बोलायचं नाही, आणि काकांनी फोनवरची घंटा वाजवली. लांबून मेंढ्या बघत होत्या.

आणि खडे काय देखणे मिळाले म्हणून सांगू! ओढ्याच्या कडेला चिखलात एकाच जागी, कुणी ताटात मांडून ठेवावेत तसे. भोवती दोऱ्या बांधलेल्या होत्या, मेंढ्यांसाठी असतील. मी वाकून आत गेले आणि सात उचलले. रुमालाखाली झाकून वर येताना तुमचा तो उंच, दांडगा मुलगा भेटला, विरेमू. त्याने हात देऊन मला दरडीवरून वर घेतलं आणि विचारलं, काय नेताय आंटी? आता तोंडात पाणी! मी नुसती हसले. काय म्हणाला असेल मनात!

श्यामलावहिनीला, म्हणजे तुझ्या आईला, पुण्याला फोटो पाठवला. ती म्हणाली, इतक्या तेजस्वी गौरी आपल्या घराण्यात कधी आल्या नव्हत्या.

तुझ्या त्या कुंभकर्णाचं पुस्तक झालं का? दक्षिण अमेरिकेतला, तो हत्तीएवढा आळशी? जेवत जा वेळेवर.

तुझी,
वसुंधराकाकू


रिकार्टन, ख्राइस्टचर्च
१३ सप्टेंबर

प्रिय काकू,

पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं. काकांना सांग, फोनवरची घंटा हे भारी आहे.

आळशाचं पुस्तक अर्धं पडलंय. त्याला आळशी म्हणू नकोस गं, स्लॉथ म्हण. हल्लीचे झाडाला उलटे लटकतात ते त्याचे किडमिडे भाऊबंद. माझा जमिनीवर चालायचा. मागच्या पायांवर उभा राहून फांद्या खाली ओढायचा, एकेक नखी विळ्याएवढी. चार वर्षं मी त्या गुहेत त्याचं वाळलेलं शेण चाळत बसले होते, हजारो वर्षांपूर्वीचं, आणि अजून वास येतो. त्यात त्याने खाल्लेलं गवत सापडतं. तिकडे माणूस पोचला आणि काही काळाने तो संपला. इथे मोआचं तेच झालं, फार अलीकडे, आपल्याकडे यादव राज्य करत होते त्याच्यानंतर. माणूस आला आणि शे-दोनशे वर्षांत सगळे खाऊन फस्त. मी बहुतेक जन्मभर असल्या घरांमध्येच जाणार, जिथले लोक नुकतेच गेलेत.

काकू, सहज विचारते. गौरीचे खडे कुठल्या रंगाचे होते? सगळे पांढरे होते की वेगळेही होते? फोटोत फुलंच फुलं दिसतायत. आणि विसर्जन नेमकं कुठे केलंत? मला आपल्या चालीरीती नीट लिहून ठेवायच्या आहेत, म्हणून.

इथे सध्या जरा कटकटी चालू आहेत. विशेष काही नाही.

निवी


बॉटनी डाउन्स
१९ सप्टेंबर

लाडके,

तुझं पत्र काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, बघा, पोरगी विचारतेय गौरीबद्दल! जन्मभर हाडं उकरत बसली तरी रक्त कुठे जातं? काका म्हणाले, विचारतेय कारण तिला काहीतरी हवंय. त्यांचा स्वभावच तसा, कुजका.

तर ऐक. खडे पाच किंवा सात घ्यायचे, पाणवठ्यावरचेच. मी चार पांढरे घेतले, दुधाच्या वड्यांसारखे. दोन तांबडे होते, गाजरहलव्याच्या रंगाचे, आणि एक हिरवट, आत पांढरी शीर. तिथे पांढऱ्यांचा ढीगच होता, पण हे तीन वेगळे उठून दिसले म्हणून मुद्दाम शोधून घेतले. देवीला चांगलं तेच द्यायचं. हातात घेतले तर लोण्यासारखे मऊ. आजूबाजूला सगळी खडबडीत करडी दगडं, आणि हे कसे एवढे गुळगुळीत झाले कोण जाणे. मला तर वाटलं देवीनेच माझ्यासाठी ठेवलेत.

गाडीत बसल्यावर चूळ धरून ठेवायची म्हणजे काय शिक्षा! वाइपारा गावापर्यंत कळ काढली, मग गिळून टाकली. काका म्हणाले, परदेशात देवी चालवून घेते. घरी आल्यावर दारात पाय धुतले, कुंकवाची पावलं काढली, घावन-घाटल्याचा नैवेद्य केला. मंगळवारी विसर्जन, तुझ्या घरामागच्या रस्त्याने गेलं की एव्हन नदीवर जो लाकडी पूल आहे, त्याच्यावरून. एकेक करून सोडले. डुबुक डुबुक. एक बदकीण बघायला आली होती.

आता मला सांग, कटकटी कसल्या? तुझी 'विशेष काही नाही'ची अक्षरं वाकडी आलीयत. कुणाशी भांडलीस का? की कुणी आवडलंय? आवडला असेल तर गोरा असो, काळा असो, मला चालेल, तुझ्या आईला मी बघून घेईन.

बेसनाचे लाडू केलेत, त्या खोलीतल्या शेगडीवर, दोन तास भाजत बसले. तुला पाठवतेच. शिवाय विरेमूलाही एक डबा धाडला. गावातल्या शाळेत खेळ शिकवतो असं त्याने काकांना सांगितलं होतं, तर शाळेच्या पत्त्यावर टाकला. आत चिठ्ठी घातली, सलोनीकडून इंग्लिशमध्ये लिहून घेतली. की बाबा रे, तू हात दिलास आणि मी तुझ्याशी बोलले नाही, तर मला शिष्ट समजू नकोस. तोंडात पाणी होतं, आमच्या देवीसाठी सात खडे नेत होते, आणि तेव्हा बोलायचं नसतं.

तुझी काकू


रिकार्टन
२४ सप्टेंबर

काकू,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतेय. तू पहिल्यांदा पूर्ण वाच आणि मगच काकांना दाखव.

मोआला दात नसायचे. झाडाच्या काटक्या, चिवट पानं खायचा, त्या दळणार कशा? म्हणून तो दगड गिळायचा. पोटातच दळायचं जातं. वर्षानुवर्षं ते दगड एकमेकांवर घासून गुळगुळीत व्हायचे. मोआ दलदलीत रुतून मेला की मांस कुजायचं, हाडं राहायची, आणि जिथे पोट होतं तिथे दगडांचा एक ढीग राहायचा. चिखलात, एकाच जागी, ताटात मांडल्यासारखा.

कळलं ना?

दोऱ्या मेंढ्यांसाठी नव्हत्या. आम्ही बांधलेल्या होत्या. तो ढीग आदल्या संध्याकाळी उघडा पडला होता, अंधार झाला म्हणून नंबर घालायचे राहिले होते. सगळे पांढरे दगड जवळपास मिळतात, त्यांचं काही नाही. पण मी त्या संध्याकाळी दोन तांबडे आणि एक हिरवा पाहिला होता, चिखलात अर्धे बुडालेले. तसला दगड त्या भागात नाही, तो पार वर डोंगरात असतो. म्हणजे हा पक्षी उन्हाळ्यात डोंगरावर जात होता आणि थंडीत खाली येत होता. काकू, सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या एका पक्ष्याची पायवाट होती ती. दोन वर्षं मी हेच शोधत होते. सोमवारी सकाळी आम्ही परत गेलो तर तीनही नव्हते.

मी गमबूट घालून त्या पुलाखाली उतरले. तीन दिवस गेले. पाणी फार नाही पण तळाशी सगळे खडेच खडे. एक आजोबा कुत्रा घेऊन उभे होते, म्हणाले, किल्ल्या हरवल्या का? मी हो म्हटलं. एकही मिळाला नाही.

तुझी चूक नाही. मीच तुम्हाला तिथे सोडून जेवायला गेले. मीच सांगायला हवं होतं. पण काकू, एक विनंती आहे. हे कुणालाही सांगू नकोस. अक्षतला नाही, आईला नाही. तो चिठ्ठीतला मजकूर तर अजिबात नको होता. टीमला वाटतंय की दगड ओढ्यात वाहून गेले असतील. कोणाचं काही बिघडलं नाही. झाकली मूठ राहू दे.

निवी


बॉटनी डाउन्स
२९ सप्टेंबर

निवी,

मी काय करून बसले गं!

पत्र वाचलं आणि पाटावरच बसले. काकांनी विचारलं काय झालं, तर पत्रच त्यांच्या हातात दिलं. देवीनेच ठेवलेत म्हणे माझ्यासाठी! दुसऱ्याच्या कामात, दोरीखालून वाकून, हावरटासारखे चांगले चांगले वेचून घेतले. शाळेत पस्तीस वर्षं पोरांना सांगत आले, दुसऱ्याच्या डेस्कवरची पेन्सिल विचारल्याशिवाय उचलायची नाही. आणि स्वतः? लाज वाटते मला. खरंच सांगते, सलोनीने 'आई चहा' म्हटलं तर तिच्याकडे बघवेना.

मी तुझ्या वरच्या बाईंना, हेलन ना त्या, पत्र लिहून माफी मागते. मी म्हातारी, अडाणी, मला कळलं नाही, असं लिहीन. मला काय फाशी देणार आहेत? काका म्हणतात, लिही. पण तू नको म्हणतेस, आणि ही तुझी नोकरी आहे, तर माझ्या मनाचं करून तुझं आणखी नुकसान नको. गप्प बसते.

चिठ्ठी तर तुझं पत्र यायच्या आधीच गेली. कोणाचं काही बिघडलं नाही म्हणालीस, तेवढाच दिलासा. मग त्या चिठ्ठीने काय होणार आहे? तो मुलगा चांगला आहे, हसून सोडून देईल.

काकू


रिकार्टन
३ ऑक्टोबर

काकू,

हेलनशी किंवा विरेमूशी काहीही पत्रव्यवहार करू नकोस. उत्तर आलं तरी तू उत्तर देऊ नकोस. मी सगळं नीट करते. प्लीज. मला पुढच्या महिन्यात नवीन करार मिळायचाय.

निवी


बॉटनी डाउन्स
१२ ऑक्टोबर

निवेदिता,

उत्तर आलं.

विरेमूने नाही लिहिलं, त्याच्या आजीने लिहिलं. नाइरी म्हणून आहेत. अक्षर मोठं, गोल. सलोनीने वाचून मला मराठीत सांगितलं, कारण मला एकटीला धीर झाला नाही. सलोनीला कळलं आता. तुझी झाकली मूठ उघडली, तुला काय म्हणायचं ते म्हण.

त्या लिहितात, लाडू फार चांगले होते, नातवंडांनी दोन दिवसांत संपवले. शेत त्यांच्या घराण्याचं आहे, खोदायची परवानगी त्यांनीच दिली होती, आणि विरेमू घराण्यातर्फे तिथे लक्ष ठेवायला यायचा. त्याने सुरुवातीपासून सांगितलं होतं, की हाडं बघा, मोजा, पण शेवटी ती परत जमिनीत गेली पाहिजेत. म्हणून दगड गेले तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, मी घेतले नाहीत. कुणी ऐकलं नाही. आता त्याला शेतावर येऊ नको म्हणून सांगितलंय, त्याच्या स्वतःच्या शेतावर! गाव लहान. शाळेत कुणाचे तरी आईबाप हेडमास्तरांना विचारून गेले, हा चोरी करतो का म्हणून.

निवी, चोर सोडून संन्याशाला सुळी! आणि चोर कोण, तर मी!

पुढे ऐक. आजी लिहितात, तुमची चिठ्ठी वाचल्यावर आम्हाला समजलं. विरेमूला आधीच माहीत होतं, त्याने तुम्हाला नेताना बघितलं होतं. मी त्याला विचारलं, अरे मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, त्या बाई काहीतरी पवित्र घेऊन चालल्या होत्या, झाकून, मान खाली घालून. दुसऱ्याची पूजा मी कशी चव्हाट्यावर आणू? आमच्यातली म्हातारी असती तर मी सांगितलं असतं का?

मग सलोनीने शेवटची ओळ वाचली. तुमच्यावर आमचा राग नाही. मला फक्त एक कळायला हवं. तुमच्या पुतणीला हे माहीत आहे का?

मी काय उत्तर देऊ? तू मला लिहिलंस, कोणाचं काही बिघडलं नाही. तुला माहीत होतं. मला म्हणालीस वाहून गेले असतील असं टीमला वाटतंय. खोटं, साफ खोटं, काकूला! माझ्या हातून पाप घडलं ते न कळता घडलं. तुझ्या हातून कळून घडलंय, रोज घडतंय. त्या पोराने माझी लाज राखली आणि तू त्याची नाही राखलीस. अगं जनाची नाही तर मनाची तरी!

काकांना म्हटलं, मी कळवते त्यांना, हो, माहीत आहे म्हणून. काका इतकी वर्षं माझं काही ऐकत नाहीत, पण हे ऐकून म्हणाले, थांब वसू, तू कळवलंस तर तुझं बरोबर होईल, पोरीचं नाही. त्यांचं ऐकलं. पाकिटावर नाइरीआजींचा पत्ता लिहून, तिकीट लावून सोबत पाठवतेय. आतला कागद तुझा. नाही लिहिलास तर दिवाळीनंतर मी स्वतः विमानात बसून तिकडे जाणार आहे, आणि त्यांच्या दारात उभी राहून जे आहे ते सांगणार आहे. तेव्हा मग तुझ्याकडे उतरणार नाही.

तुझ्या बाबांना काय सांगू हा विचार करतेय. त्यांना वाटतं त्यांची मुलगी जगाला शहाणं करायला गेलीय.

वसुंधरा


रिकार्टन
२६ ऑक्टोबर

काकू,

पाकीट वापरलं नाही. स्वतः गेले.

आधी हेलनला सांगितलं. ती म्हणाली, विरेमूवर संशय मी घेतला, ते माझं; पण तू तेव्हा खोलीत होतीस, निवेदिता. करार मिळणार नाही. तसं तिने तोंडाने सांगितलं नाही, पण मिळणार नाही. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

मग आम्ही दोघी नाइरीआजींकडे गेलो. त्यांनी घरी नाही, मराएवर बोलावलं, म्हणजे त्यांच्या समाजाची, इथल्या मूळ रहिवाशांची, बसण्याची जागा, जिथे सगळ्यांसमोर बोलायचं असतं. वीसेक माणसं होती. शाळेचे हेडमास्तर होते, आजींनी मुद्दाम बोलावले होते. मी पाठ करून गेले होते, इंग्लिशमध्ये, अगदी व्यवस्थित. 'गैरसमज' असा एक शब्द होता त्यात. आजींनी मधेच हात वर केला आणि विचारलं, तुला कधी कळलं? मी म्हटलं, काकूचं पहिलं पत्र आलं त्या दिवशी. आणि विरेमूला विचारणा कधी झाली? मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी. मग पाठ केलेलं सगळं विसरले. कुणी रागावलं नाही गं. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

तुला 'सगळं नीट करते' म्हणून लिहिलं होतं. त्या सुमाराला मी काय करत होते माहितीये? स्लॉथच्या पुस्तकाचा शेवट लिहीत होते. माणूस नव्या जागी येतो, भूक लागलेली असते, समोर दिसेल ते घेतो, आणि काय घेतलं ते नंतर कळतं. फार सुंदर जमला होता तो परिच्छेद. तिकडे त्या गुहेतलं शेण मी पोती भरभरून नेलं, ती गुहा कोणाची म्हणून एका माणसाने मला विचारलं नाही. मीही नाही विचारलं. इथे पहिल्यांदा कुणीतरी मला दारात थांबवून विचारलं, तू कोण, कुठली, तुझे लोक कोण, आणि मग आत घेतलं. त्यांच्यात तशी रीत आहे. पहिल्या दिवशी विरेमूनेच शिकवलं होतं, स्वतःची ओळख कशी करून द्यायची ते. मी आपल्या गावाचं, नदीचं, आजोबांचं नाव घेतलं होतं. त्याने दोनदा म्हणवून घेतलं, नीट उच्चारता यावं म्हणून.

आजींनी परवानगी काढून घेतली. हाडं परत द्यायची, उरलेले पांढरे दगडसुद्धा, आणि ती जिथे होती तिथेच पुरली जाणार. हेडमास्तर सगळ्यांसमोर विरेमूला सॉरी म्हणाले. तो बरं म्हणाला. मग चहाला बसलो. मी त्याच्यापाशी गेले, माफी मागितली. तो म्हणाला, शाळेत अजून मुलं हसतात माझ्याकडे बघून, बॅट सापडत नसली की. होईल कमी. त्याने मला माफ केलं का ते मी विचारलं नाही. तो हक्क मला नाही.

आजींनी तुला निरोप दिलाय. तुला एकदा यायचं असेल तर ये म्हणाल्या, तुझ्याशी त्यांना बसून बोलायचंय. मी सोबत असेनच असं नाही, तेही तुला सांगायला सांगितलं.

मराएवर सगळं सांगितलं असं तुला वाटेल. एक गोष्ट सांगितली नाही, ती तिथे बोलवली नाही. तुला सांगते. तू मग काय ते ठरव, बाबांना सांगायचं की नाही, माझ्याकडे उतरायचं की नाही.

त्याच्यावर आळ आला ती मीटिंग झाली, तेव्हा तो एकटा एका बाजूला बसला होता आणि आम्ही पाच जण एका बाजूला. त्याने सगळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ. मी बुटावरचा चिखल बघत होते. तुझं पत्र माझ्या जॅकेटच्या खिशात होतं. संपल्यावर मी बाहेर आले तर तो माझ्या गाडीपाशी उभा होता. मला वाटलं आता हा बोलणार. तो फक्त म्हणाला, तुझी आंटी नीट पोचली ना घरी?

त्याला सगळं माहीत होतं, काकू. तो तुझी चौकशी करत नव्हता. मला एक वाट मोकळी करून देत होता, तिथे दुसरं कुणी नव्हतं, मी नुसतं हो म्हटलं असतं आणि पुढचं वाक्य बोलले असते तर आम्ही दोघं परत आत गेलो असतो.

मी म्हटलं, हो, मजेत आहे, आणि इथले लोक 'एकदम झकास'ला म्हणतात तसं, स्वीट ॲज. आणि गाडीत बसून सीटबेल्ट लावला.

निवी